बाकावरचे रविवार

आमच्या चर्चमध्ये डाव्या हाताला, मागून तिसरं बाक आमचं. त्यावर कुणाचं नाव कोरलेलं नव्हतं, पण गल्लीतल्या नळावर जशी प्रत्येकीच्या घागरीची जागा ठरलेली असते तशी तीही ठरलेली होती. बाकाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे गुडघ्यांवरून उठताना माझ्या वडिलांचं, अप्पांचं, वजन पडलं की ते कटकन वाजायचं. त्या आवाजावरून पुढच्या बाकावरच्या बायकांना कळायचं, योसेफअण्णा उठले, आता रांग लागणार. कोल्हापुरात आम्ही कॅथलिक मूठभर. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची पोर कुणाशी बोलली, कुणाचा नवरा चिडका, सगळं सगळ्यांना ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ एवढीशी असली की बोटांच्या फटीतून सगळंच दिसतं.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपत आली की लोक रांगेनं वेदीपुढं जाऊन कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेतात. ज्याच्या मनावर मोठं पाप आहे, त्यानं आधी फादरपुढं पापनिवेदन करायचं आणि मगच त्या रांगेत उभं राहायचं. तोवर बाकावर बसून राहायचं. हा नियम आम्हाला लहानपणीच शिकवलेला. माझा मुलगा पुण्याला असतो. त्याच्याकडं गेले की मोठ्या चर्चला जाते, तिथं कोण बसलं आणि कोण गेलं याकडं कुणी ढुंकून बघत नाही. आमच्याकडं मात्र बसून राहणं म्हणजे दवंडीच. पहिल्या रविवारी लोक ताप, पोटदुखी असली कारणं धरून बघायचे. दुसऱ्या रविवारीही माणूस बसलेलं दिसलं की कारणं संपायची आणि कुजबुज सुरू व्हायची.

अप्पा साखर कारखान्यात फिटर होते. हंगाम सुरू झाला की उन्हाळा लागेपर्यंत ते तिकडंच कामगारांच्या चाळीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी एसटीनं घरी यायचे. ते आले की आधी मळीचा वास यायचा, आंबूस आणि गोडसर, आणि मग ते. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. हातपाय धुऊन झाले की अप्पा चौरंगावर बसून उद्याच्या वाचनाची तयारी करायचे, कारण मिस्सेतलं बायबलचं पहिलं वाचन बहुतेक त्यांच्याकडंच असायचं. एरवी ते "पानी आन गं" म्हणणारे. पण वाचायला लागले की त्यांच्या तोंडून असे शुद्ध शब्द यायचे की मी भाकरीचा घास हातात धरून ऐकत बसायची. आई तव्यासमोरून हुंकार द्यायची. कुठं अडखळले तर न बघताच म्हणायची, "परत म्हणा ते." तिला सगळं पाठ असायचं.

उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आमच्या घरी मटण बंद. नियम खरं तर शुक्रवारपुरताच, पण आईला अर्धंमुर्धं काही जमायचं नाही. रविवारी सगळ्या गल्लीत तांबड्या रश्शाचा वास सुटायचा आणि आमच्या चुलीवर आमटी आणि खर्डा. समोरच्या हौसामावशीच्या म्हशी होत्या, ती दूध घालायला आली की दारातूनच ओरडायची, "रिबका, तुमचा श्रावण उन्हाळ्यात येतोय व्हय गं?" आई हसायची आणि म्हणायची, "व्हय, आमचा देव पंचांग बघत न्हाय." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. आमचं घर वेगळं, आमचे अप्पा वाचतात, आमची आई नियमापेक्षा जास्त पाळते. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला नाकानं कांदे सोलायला याहून काय लागतं?

त्या वर्षी अप्पांचे दोन-तीन शनिवार चुकले. मशीन बिघडलं, बदली माणूस नाही, असे निरोप आले. संत योसेफाचा सण उपवासकाळातच येतो, आणि तो अप्पांचा नामसण. त्या दिवशी घरात सूट असायची. आईनं पहाटे उठून पुरण घातलं, कटाची आमटी केली, पोळ्या फडक्यात गुंडाळून डबा भरला. "चल, त्यांना तिकडंच न्हेऊन दिऊ," म्हणाली. एसटीत ती डबा मांडीवर घेऊन बसली होती, आणि आमटी सांडू नये म्हणून प्रत्येक वळणाला दोन्ही हातांनी धरत होती. वाटेत उसाच्या गाड्या आडव्या आल्या की बस थांबायची. आई खूश होती. एवढी खूश तिला मी क्वचितच पाहिली होती.

चाळीत विचारत विचारत आम्ही खोली शोधली. दारासमोरच्या तारेवर एक बाई धुतलेले कपडे वाळत घालत होती. हातात अप्पांचा निळा शर्ट होता. त्याची कॉलर विरली म्हणून आईनं उलटी करून शिवली होती. पांढऱ्या दोऱ्याचे टाके मला लांबूनही ओळखू आले.

"कोन पायजे, पावणं?" बाईनं विचारलं. आवाज मोठा पण मायेचा होता.

"योसेफअण्णा हितंच ऱ्हात्यात न्हवं?" आई म्हणाली.

"व्हय की. ड्यूटीवर हायेत, भोंगा झाला की येतील. उन्हाचं आलाईसा, बसा की. पाणी देते."

ती आत गेली, तसं दार उघडं राहिलं आणि मला खोली दिसली. एकच कॉट. कोनाड्यात अप्पांचा लाकडी क्रूस, जो आईनंच त्यांच्या पिशवीत घातला होता, आणि त्याला टेकून एक कुंकवाचा करंडा. मी आईकडं पाहिलं. तीही तेच पाहत होती. बाईनं तांब्याभरून पाणी आणलं. आई ते वरून प्यायली, थेंब न सांडता, अगदी सगळं.

"कुठनं आलाईसा?"

"कोल्हापुरास्नं."

"नात्यातल्या व्हय?"

"व्हय," आई म्हणाली, "नात्यातल्याच." मग तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला. "आज त्यांचा सण हाय. डबा घरचा हाय म्हनून सांगा."

आम्ही वळलो. मी मागं पाहिलं तर बाई उंबऱ्यावरच्या डब्याकडं बघत तशीच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्या आईच्या चेहऱ्यावर होतं तेच होतं. तिला अप्पांनी काय सांगितलं होतं, त्यानंतर तिचं काय झालं, हे मी आयुष्यात कधीच विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही. त्या उन्हात आम्हाला पाणी तिनंच दिलं होतं, आणि मी मात्र पुढं कितीतरी वर्षं तिचा विचार फक्त शिव्यांतच केला.

परतीच्या बसमध्ये आई एवढंच बोलली, "हौसाला काय बोलू नगंस." मला मात्र वाटत होतं की बसमधल्या सगळ्यांना कळलंय. वाचन करणारे माझे अप्पा! मला त्यांची इतकी लाज वाटली की अंगावर खरूज उठल्यासारखी मी स्वतःचे दंड खाजवत होते. दुःख नंतर आलं. आधी लाजच आली, आणि तीही आईसाठी नाही, माझ्यासाठी.

शनिवारी अप्पा आले. दारात उभे, हातात तोच डबा, घासून लख्ख केलेला. हौसामावशी पलीकडून ओरडली, "काय अण्णा, झाला का सण?" अप्पांनी मानही वर केली नाही. आईनं डबा त्यांच्या हातातून घेतला, फळीवर ठेवला आणि चुलीकडं वळली. मी वाट बघत होते की आता भांडं आदळेल, आता ओरडेल. ती म्हणाली, "उद्याचं वाचन तुमचं हाय." त्या संध्याकाळी अप्पांनी तयारी केली नाही. पुस्तक मिटूनच मांडीवर धरून बसले.

दुसऱ्या दिवशी वाचनाला जो उतारा आला तो माणसानं मुद्दाम निवडला असता तरी इतका नेमका बसला नसता. संदेष्टा देवाच्या वतीनं आपल्या लोकांना बजावतो आहे, नवऱ्यानं घर सोडून गेलेल्या बायकोला बजावावं तसं: मी तुला खाऊ घातलं, पांघरूण दिलं, आणि तू मला विसरून दुसऱ्यांच्या मागं गेलीस. अप्पांनी पहिल्या ओळी नेहमीच्या आवाजात वाचल्या. मग आवाज बारीक झाला. मग थांबला. अप्पा पुस्तकाकडं बघत उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. शेवटी म्हातारे फादर उठले, अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि राहिलेलं स्वतः वाचलं. अप्पा बाकावर येऊन बसले.

रांग लागायची वेळ झाली. बाक कटकन वाजलं नाही. अप्पा खाली मान घालून बसलेले. आई अर्धवट उठली, तिनं पुढच्या बाकाची पाठ धरली, क्षणभर तशीच राहिली आणि परत खाली बसली. मी उठले. दोघांचे गुडघे ओलांडून, वेणी पाठीवर टाकून, हनुवटी वर करून मी एकटी वेदीपुढं गेले. जिभेवर कम्युनियन घेतलं आणि ताठ मानेनं परत आले. सगळं चर्च बघत होतं, आणि निदान एक जण तरी या घरात स्वच्छ आहे हे त्यांना दिसावं असं मला वाटत होतं.

पुढच्या रविवारीही तेच. मग बाहेर अंगणात कुजबुज मला ऐकू आली. "अण्णा बिचारा बायकोपायी बसतोय. रिबकानंच कायतरी केलं असंल." बायकांचं गणित सोपं होतं: नवरा कारखान्यात, बाई घरात एकटी. माझं डोकं फिरलं. घरी आल्या आल्या मी आईवर ओरडले, "तू कशाला बसतीस? केलंय कुणी, आणि लोक नाव कुणाचं घेत्यात बघ!"

आई कांदा चिरत होती. "घिऊंदेत."

"पर तू काय केलंयस?"

"तुला काय कळतंय गं," ती म्हणाली आणि चिरत राहिली.

मला वाटलं मला सगळं कळतंय: अप्पा एकटे उघडे पडू नयेत म्हणून ती त्यांच्या शेजारी बसते, त्यांचं पाप अर्धं अंगावर घेते. मला तिचाही राग आला. अप्पांशी तर मी बोलणंच टाकलं होतं. त्यांनी "शांते" म्हणून हाक मारली की मी उठून परड्यात जायची.

त्या उपवासकाळातलं फादरांचं एक प्रवचन मला आठवतं. फादर मंगळूरकडचे, त्यांचं मराठी ऐकून आम्ही पोरं एरवी हसायचो. त्या दिवशी ते म्हणाले, तुम्ही लोक ताकीद ऐकला की घाबरता, म्हणता देव आता मारणार. पण ज्याला टाकून द्यायचा, त्याला कोण ताकीद देतो? त्याला गप्प सोडतो. बजावतो तो दारात थांबलेला असतो. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, ऐका, ऐका अप्पा, तुमच्यासाठीच आहे. माझ्यासाठी त्यात काही असेल अशी शंकासुद्धा मला शिवली नाही.

अप्पांनी हंगाम संपायच्या आधीच कारखाना सोडला. पुढं शहरातल्या एका फाउंड्रीत लागले. हुद्दा कमी, काम घामाचं. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात पापनिवेदनासाठी बाहेरगावचे फादर आले होते, आणि त्यांच्यापुढं रांग होती. अप्पा शेवटी उभे राहिले. पडद्याआड गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. पुढचे लोक प्रार्थना उरकून घरी गेले तरी पडदा हलेना. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. ते क्रूसापुढं जाऊन गुडघ्यांवर बसले. फादरांनी काय प्रायश्चित्त दिलं ते आईनं विचारलं नाही, आणि ते विचारायचं नसतंच.

म्हणून ईस्टरच्या सकाळी मला वाटलं, संपलं एकदाचं. कम्युनियनची वेळ आली, बाक कटकन वाजलं, अप्पा उभे राहिले. पुढच्या बायकांच्या माना वळल्या. अप्पा दोन पावलं बाकाबाहेर गेले आणि त्यांच्या ध्यानात आलं की मागं आई नाही. ती बसूनच होती, हात मांडीवर, नजर समोर. अप्पा तिच्याकडं बघत उभे राहिले. रांग त्यांच्या बाजूनं पुढं सरकली. मग ते मागं फिरले आणि तिच्या शेजारी बसले. पापातून मोकळा झालेला माणूस, ईस्टरच्या दिवशी, परत बाकावर! मी गेले, अर्थात. नवा फ्रॉक होता.

त्या दुपारी इतक्या आठवड्यांनी घरी मटण होतं, आणि कुणाला घास जात नव्हता. अप्पा बाहेर गेल्यावर मी आईला विचारलं. या वेळी ओरडून नाही. "आता तर त्यांनी कन्फेशन केलं. आता कुणासाठी बसलीस?"

आईनं भांडी घासायची थांबवली. "मी कुणासाठी बसत न्हवते शांते. मी माझ्यासाठी बसते. ह्यांचं त्येंनी केलं, त्येंनी फेडलं. माझ्या पोटात अजून राग हाय. रोज त्येंच्या ताटात भाकरी टाकताना वाटतंय, घास अडकावा. असलं मन घिऊन देवाच्या ताटावर कशी बसू?"

ज्या रविवारी ती अर्धवट उठून खाली बसली त्या रविवारपासूनचे सगळे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले, आणि प्रत्येकात मी होते, वेणी पाठीवर टाकून, हनुवटी वर करून. बापाच्या हाकेला ओ न देणारी, त्या परक्या बाईला शिव्याशाप देणारी, आईवर ओरडणारी मी दर रविवारी जीभ काढून उभी राहत होते. आमच्या तिघांत त्या रांगेत जायला आपल्याला तोंड नाही हे ज्याला कळत नव्हतं असं एकच माणूस होतं, आणि तेच तेवढं जात होतं. तोंडात मारल्यासारखं झालं म्हणतात ते तसं असतं. ही लाज बसमधल्या लाजेसारखी खाजवून जाणारी नव्हती.

आणि तरीही पुढच्या रविवारी मी गेले. खोटं कशाला लिहू? बसले असते तर लोक म्हणाले असते, आता पोरगीपण. त्या भीतीनं मी आणखी काही रविवार गेले, आणि प्रत्येक वेळी ती पवित्र भाकर माझ्या टाळूला चिकटली.

अप्पा मात्र आईशेजारी बसत राहिले. ईस्टरनंतरच्या काही आठवड्यांत एकदा तरी कम्युनियन घ्यावंच लागतं असा नियम आहे. ते दिवस सरत आले तशी फादरांनी आठवण केली. अप्पांनी आईला एका शब्दानं टोकलं नाही. पहाटे नळावर जाऊन घागरी तेच भरायचे, आणि हौसामावशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "अण्णा, बाईमाणूस झालाईसा की!" ते नुसते मान हलवायचे. खूप वर्षांनी, म्हातारपणी, ते एकदाच त्यावर बोलले. म्हणाले, "तुझ्या आईनं शिव्या दिल्या असत्या तर मी उलटा बोललो असतो. तिनं डबा ठिवला. त्यो उघडला आन मी भ्यालो." फादरांच्या प्रवचनातली ताकीद त्यांच्यापर्यंत पुरणपोळीच्या डब्यातून पोचली होती, वाचनाच्या आधीच.

मग एक शनिवार आला. आई भाकऱ्या थापत होती, अप्पा चौरंगावर बसले होते, आणि तिनं पाठमोरीच विचारलं, "उद्याचं वाचन कुनाचं हाय?"

"माझं न्हाय," अप्पा म्हणाले. "मला कोन सांगत न्हाय आता."

"तरी वाचा की. मी ऐकते."

अप्पांनी पुस्तक उघडलं. आवाज घोगरा झाला होता. एका शब्दाला ते अडखळले आणि आई म्हणाली, "परत म्हणा ते." त्यांनी परत म्हटलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

रविवारी कम्युनियनची घंटा वाजली. अप्पा नेहमीसारखे खाली मान घालून बसले होते. आईनं पदर सावरला, त्यांच्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, "उठा की."

बाक कटकन वाजलं. ती पुढं आणि ते मागं, असे दोघं निघाले. मी उठायला पाय सरळ केले, आणि मग मला ते जमलं नाही. मी बसले. पुढच्या बाकावरच्या दोघींनी वळून माझ्याकडं पाहिलं, एकमेकींकडं पाहिलं. पण मी बसून राहिले. मला पहिल्यांदाच कळलं की इथून वेदी किती लांब दिसते.

ते दोघं परत आले. आई माझे गुडघे ओलांडून आत गेली. अप्पा माझ्या शेजारी टेकले. किती आठवडे मी त्यांच्या इतक्या जवळ बसले नव्हते. अंगाला मळीचा वास आता नव्हता, लोखंडाचा होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. समोर बघतच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "दमानं, शांते. आमी हाय हितंच."

मी "अप्पा" म्हटलं.